चिंचवड ते चाकण : एका वस्तऱ्याचा प्रवास

पवनेच्या काठी मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून जुन्या चिंचवडगावात शिरले की रस्ते अजूनही बैलगाडीच्या मापाचे लागतात. या गावाच्या भोवती पाऊणशे वर्षांत एक वेगळेच नगर उभे राहिले. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, भोसरी-आकुर्डीच्या माळरानांवर शेड उभ्या राहिल्या आणि १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. धान्य, कापड आणि सावकारी करणाऱ्या आपल्या समाजातील अनेक घरांनी या बदलाबरोबर दुकानाचा माल बदलला. जिथे ज्वारीची पोती होती तिथे नट-बोल्ट, बेअरिंग, पॉलिश पेपर आणि ड्रिल आले. गिऱ्हाईक शेतकऱ्याऐवजी फिटर झाला. गादी, वही आणि सकाळची नवकारसी मात्र तीच राहिली.

अशाच एका हार्डवेअरच्या दुकानात २०२४ सालच्या दिवाळीपूर्वी साफसफाई निघाली. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या रोकडवह्यांखाली तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक वस्तरा सापडला. पाते गंजाने तांबूस झालेले, मूठ पिवळसर पांढरी. घरातील नातू चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो. त्याने पाते भिंगाखाली धरले. शेपटावर पुसट अक्षरे दिसली : सोलिंगेन, जर्मनी.

“दादाजी, हा कोणाचा?”

गादीवर बसलेल्या दादाजींनी चष्मा वर केला. “माझ्या वडिलांचा. आळंदीहून न्हावी यायचा, त्याच्या धोपटीत त्याचा वस्तरा असायचा. पण बा साहेबांची दाढी याच वस्तऱ्याने व्हायची. दुसऱ्याच्या गालाला लागलेलं पातं त्यांना चालत नसे.”

एवढ्या दोन वाक्यांनी नातवाच्या एका वर्षाची दिशा ठरवली. हा वस्तरा पुन्हा चालता करायचा आणि दादाजींची दाढी त्याने करायची, असे त्याने मनाशी घेतले. दादाजी त्या वर्षी शहाऐंशीचे होते. वेळ फार नाही, हे घरात कोणी बोलून दाखवत नव्हते.

*

वस्तऱ्याची गोष्ट दोन शहरांभोवती फिरते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. त्या एकजीव, स्वच्छ पोलादाने शेफील्डचा वस्तरा जगभर गेला. पुढे जर्मनीतील वुप्पर नदीकाठच्या सोलिंगेन गावाने पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासण्याचे कसब वाढवले आणि बाजार आपल्याकडे ओढला. ‘सोलिंगेन’ हे नाव कोणी कशावरही छापू नये म्हणून १९३८ साली तेथे कायदाच झाला. जोसेफ रॉजर्स, वेड अँड बुचर ही शेफील्डची आणि हेंकेल्स, बोकर ही सोलिंगेनची नावे आजही जुन्या बाजारांतील पात्यांवर आढळतात.

पात्यावरील अक्षरे वयही सांगतात. हिंदुस्थानात १८८९ साली व्यापारी खुणांचा कायदा झाला आणि अमेरिकेने १८९०च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. त्यामुळे शेपटावर ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असे स्पष्ट कोरलेले असेल तर ते पाते बहुधा त्यानंतरचे असते. मालावरील छाप वाचून त्याचे मूळ ओळखणे ही व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला नवी विद्या नाही.

१९०४ साली किंग जिलेट या अमेरिकन विक्रेत्याला बदलत्या पात्याच्या रेझरचे पेटंट मिळाले. घरोघरचा वस्तरा तेव्हापासून मागे पडू लागला. आपल्याकडे मात्र न्हाव्याच्या धोपटीत तो आणखी बरीच दशके टिकला. शतकाच्या शेवटी एड्सची भीती आणि जागृती दोन्ही आली. एकच पाते दहा गालांवर फिरवणे धोक्याचे ठरले आणि सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचा, दर गिऱ्हाइकाला नवे पाते लावायचा रेझर आला. तो बदल योग्यच होता. त्यानंतर जुने वस्तरे पेट्यांच्या तळाशी गेले आणि पेट्या भंगारात गेल्या.

*

नवशिक्याने घरातल्या वस्तऱ्याला आधी हात लावू नये, ही शहाणपणाची गोष्ट नातवाला सुचली. सरावासाठी दुसरा हवा होता. बुधवारी आणि रविवारी पुण्यात मंगळवार पेठेचा जुना बाजार भरतो. पिंपरीहून मेट्रोने सिव्हिल कोर्टापर्यंत जायचे आणि पुढे पायी. पितळी कुलुपे, बंद पडलेली घड्याळे, रेडिओ, पाने-पकडी यांच्या ढिगाऱ्यांत वस्तरे सापडतात. पण मागितले तर भाव वाढतो, हे त्याला पहिल्या रविवारीच कळले.

काय पाहून घ्यावे, हे तो तीन-चार खेपांत शिकला. वरचा गंज भीतीदायक दिसतो, पण तो निघतो. धारेजवळ गंजाने पाडलेली खोल छिद्रे निघत नाहीत, कारण तेथे पाते कागदाहून पातळ असते. नखाच्या टोकावर धार हलकेच टेकवून सरकवली की बारीक तडा जाणवतो. तडा असलेले पाते कितीही सुंदर असले तरी सोडून द्यावे. पात्याचा जाड कणा पाहावा. वस्तरा दगडावर आडवा टेकतो तेव्हा कणा आणि धार दोन्ही दगडाला लागतात, आणि त्या दोहोंच्या मापानेच धारेचा कोन ठरतो, साधारण सोळा-सतरा अंशांचा. कणा घासून चपटा झालेला असेल तर कारागिराने बसवलेला तो कोनच हरवलेला असतो. आणि चकचकीत, नवेकोरे दिसणारे स्वस्त वस्तरे टाळावेत. त्यांतील पुष्कळसे शोभेचे असतात. त्यांना धार धरत नाही.

जानेवारीत तो चिखलीच्या कुदळवाडीतही गेला. कारखान्यांतून निघालेले लोखंड, पत्रा, प्लास्टिक, लाकडी खोकी यांची ती अफाट वखार होती. एका गोदामात सलूनच्या मोडलेल्या खुर्च्यांबरोबर त्याला तीन वस्तरे किलोच्या भावात मिळाले. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२५मध्ये, महापालिकेने कुदळवाडीतील हजारो बांधकामे अनधिकृत म्हणून पाडली. इंद्रायणीच्या प्रदूषणाचा प्रश्न खरा होता आणि तेथे पोट भरणाऱ्यांचा प्रश्नही खरा होता. नातू पुन्हा गेला तेव्हा ती गल्लीच नव्हती. सपाट केलेल्या जमिनीवर धूळ उडत होती. त्याच्या खिशातील चिठ्ठीवर गोदामवाल्याने लिहून दिलेला पत्ता आता कुठलाच नव्हता.

*

पहिली चूक त्याने घाईने केली. टूलरूममध्ये हाताशी ग्राइंडर असताना हाताने घासत कोण बसणार, असे त्याला वाटले. जुन्या बाजारातून आणलेले एक पाते त्याने फिरत्या चाकाला लावले. दोन क्षणांत धारेच्या कडेने निळी रेघ उमटली. त्याला स्वतःच्या व्यवसायामुळे तिचा अर्थ कळत होता. कार्बन पोलादाला पाणी देऊन आणलेला कडकपणा उष्णतेने उतरतो. निळा रंग म्हणजे पोलाद सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापले. ते पाते आता कितीही घासले तरी टिकाऊ धार धरणार नव्हते. शंभर वर्षे टिकलेली वस्तू दोन क्षणांत गेली.

त्या रात्री त्याने ती गोष्ट घरी सांगितली. दादाजी म्हणाले, “आळंदीला जा. त्या न्हाव्याचा मुलगा अजून आहे. आता म्हातारा झाला असेल.”

चिखलीवरून मोशी आणि मोशीवरून आळंदी हा रस्ता ट्रक-ट्रेलरांच्या गर्दीतून जातो. तो इंद्रायणीच्या काठी येऊन थांबतो, तेव्हा वातावरण एकदम बदलते. ज्ञानेश्वरांच्या समाधीचे हे गाव. घाटावर क्षौर, मुंडन आणि धार्मिक विधी चालतात, आणि त्यांबरोबर नाभिकांच्या पिढ्याही. वारकरी परंपरेत संत सेना महाराज हे नाभिक. बारा बलुतेदारांत न्हावी हा गावाच्या प्रत्येक घरात प्रवेश असलेला माणूस. जन्म, लग्न, मृत्यू यांपैकी काहीही त्याच्यावाचून पार पडत नसे. हाच वस्तरा एके काळी विधवांच्या केशवपनासाठीही वापरला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सत्यशोधक चळवळीच्या प्रेरणेने मुंबईच्या नाभिकांनी हे काम न करण्याचा निर्धार केला. हातात धार असलेल्या माणसाने ती खाली ठेवण्याचा हा प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात विसरण्यासारखा नाही.

म्हातारे न्हावीबाबा नातवाच्या सलूनच्या दारात स्टुलावर बसले होते. हात कापत होता. वस्तरा धरून बारा वर्षे झाली होती. घरचा वस्तरा पाहताच त्यांनी तो ओळखला.

“शेठजींचा! माझ्या बापानं धार लावलीया ह्याला. दे हिकडं.”

पाते त्यांनी डोळ्यांसमोर आडवे धरले आणि उजेडाकडे फिरवले. “धारेवर पांढरी रेघ दिसली, तर धार न्हाई. धार असंल तर ती दिसत न्हाई. ध्यानात ठेव. आन् हे मशिनीला लावलंस तर माझ्याकडं येऊ नकोस.”

नातवाने खाली मान घातली. पहिल्या पात्याची हकिगत त्याने सांगितली नाही. म्हाताऱ्यांनी ती त्याच्या चेहऱ्यावर वाचली असावी.

त्यानंतरचे सहा-सात रविवार आळंदीला गेले. काम संथ होते. आधी पाते पातळ तेलात रात्रभर भिजवायचे. मग पाण्याच्या पॉलिश पेपरने, सहाशे नंबरपासून दोन हजारपर्यंत चढत, कण्याकडून धारेकडे न जाता पात्याच्या लांबीने घासायचे. अंगठ्याखाली बुचाचा तुकडा धरायचा, म्हणजे हात घसरला तरी बोट वाचते. सगळा काळा डाग काढायचा हट्ट धरायचा नाही. डाग म्हणजे वय, गंज म्हणजे रोग. नंतर दगड. एक हजार नंबरच्या दगडावर धारेची मूळ बैठक करायची, चार हजारावर तिचे ओरखडे काढायचे, आठ हजारावर ती नितळ करायची. दगडावर धार पुढे ठेवून सरकवायचे, पट्ट्यावर मात्र कणा पुढे ठेवून. दाब केवळ पात्याच्या वजनाइतका. शेवटी हातावरचा एखादा केस न ओढता तुटला की समजायचे, जमले.

“दगड धार देतो,” बाबा म्हणाले, “पर शिकवतो तुझा हात. जोर केलास की बिघडलं.”

चाकणच्या टूलरूममध्ये मायक्रॉनमध्ये मोजणाऱ्या मुलाला हे पटायला वेळ लागला. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेचे टोक एका मायक्रॉनहूनही बारीक असते. माणसाचा केस त्याच्या पन्नास-शंभरपट जाड. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ, तरी तो धार बोथट करतो. २०२० साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा केस तिरका वाकला असता त्याच्या कडेला पोलादाचे बारीक टवके उडताना दिसले. मऊ वस्तू कठीण वस्तूला झिजवते, ती अशी. म्हणूनच दाढीआधी गरम पाण्याने केस भिजवणे आणि पात्याचा कोन तीस अंशांच्या आसपास ठेवणे या न्हाव्याच्या जुन्या सवयी निव्वळ रीत नव्हत्या.

*

घरी मात्र निराळाच प्रश्न उभा राहिला, आणि तो दादीजींनी उभा केला.

त्या रोज प्रतिक्रमण करतात. श्रावकाच्या बारा व्रतांतील आठवे अनर्थदंड-विरमण. विनाकारण होणाऱ्या हिंसेपासून निवृत्त होणे हा त्याचा अर्थ. त्यात शस्त्र, विष, अग्नी अशी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे वर्ज्य आहे, आणि त्याच्या अतिचारांत एक शब्द येतो : संयुक्ताधिकरण. साधनाचे सुटे भाग जोडून ते वापरास सज्ज करून ठेवणे. पाते वेगळे आणि मूठ वेगळी असेल तर वस्तू निरुपद्रवी; खिळी ठोकली की ते अधिकरण झाले.

“मी हा शब्द साठ वर्षे म्हणते आहे,” दादीजी म्हणाल्या. “त्याचा अर्थ माझ्याच घरात, माझ्याच नातवाच्या टेबलावर दिसेल असं वाटलं नव्हतं. आणि किती आहेत रे हे?”

“सात, दादीजी.”

“घरात हनुवट्या किती?”

त्याच्याजवळ उत्तर नव्हते. शोधण्याचा नाद कधी जमवण्याचा नाद झाला, हे त्याला कळले नव्हते. शिकण्यासाठी एक पुरेसा होता, फार तर दोन. बाकीचे त्याने मिळाले म्हणून घेतले होते.

दुसरा प्रश्न मुठीचा होता. ती हस्तिदंती दिसत होती. सातव्या व्रतात सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आहे. हस्तिदंताचा धंदा आपल्या पूर्वजांनी कायदा होण्याच्या कितीतरी आधी निषिद्ध मानला. देशाच्या कायद्याने तो १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील नंतरच्या दुरुस्त्यांनी बंद केला. मूठ खरीच हस्तिदंती असेल, तर पणजोबांच्या आठवणीसाठी तरी ती घरात ठेवायची का? दादाजी त्या दिवशी जेवणावर गप्प होते. वडिलांच्या वस्तूत एका प्राण्याचा जीव गेला असेल, ही कल्पना त्यांना बोचत होती.

नातवाने भिंग घेतले. खऱ्या हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. येथे जाळी नव्हती. लांबीने अगदी समांतर, मोजून आखाव्यात अशा रेषा होत्या. अंगठ्याने जोरात घासले तेव्हा कापराचा वास आला. मूठ सेल्युलॉइडची होती, कापूर घालून केलेले, हस्तिदंताची नक्कल करणारे एकोणिसाव्या शतकातले कृत्रिम द्रव्य. दादाजींनी ती स्वतः नाकाजवळ नेऊन हुंगली आणि बराच वेळ हातातून सोडली नाही.

पण सेल्युलॉइडचीही एक खोड आहे. ते जुने होऊन कुजू लागले की त्यातून आम्ल वाफा निघतात आणि जवळचे पोलाद गंजवतात; शिवाय ते चटकन पेट घेते. घरच्या वस्तऱ्याच्या एका बाजूचा गंज मुठीच्या आकाराचाच होता. म्हणजे इतकी वर्षे त्या पात्याला त्याचे स्वतःचे घरच खात होते. मूठ बदलावी लागणार होती. शिंग, हाड यांचा विचार नव्हता. नातवाने शिसवीच्या दोन पातळ फळ्या घासल्या, पितळी खिळ्या लावल्या आणि पाते मधोमध बसेल असे जुळवले.

तिसरा प्रश्न पट्ट्याचा. वस्तरा रोज चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतात, हे कोणत्याही पुस्तकात सापडते. या घरात चामड्याची वस्तू येत नाही. त्याने तो प्रश्न आळंदीला नेला. बाबांनी आपला कापरा तळहात पुढे केला. घट्टे पडलेला, गुळगुळीत. “हा घे पट्टा. आमी घाईत ह्याच्यावरच फिरवायचो. पर तू न्हाई. तू जाड सुताडं घे.” जाड कॅनव्हासची पट्टी लाकडाला ताणून बसवली, आणि शेवटच्या वीस फेऱ्यांसाठी लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद. दोन्ही उत्तम चालले. चामड्याचा आग्रह सवयीचा होता, गरजेचा नव्हता.

*

२०२५च्या चातुर्मासात संवत्सरीपूर्वी स्थानकात एका महासतीजींचा लोच होता. दादीजींनी नातवाला बरोबर नेले. बोटांना राख लावलेली, केस हाताने उपटले जात होते आणि चेहऱ्यावर फरक नव्हता. भगवान महावीरांनी दीक्षेच्या वेळी पंचमुष्टी लोच केला, ती परंपरा आजही जशीच्या तशी आहे. साधुजीवनात वस्तऱ्याला स्थान नाही. शरीराच्या सुखासाठी आणि कोणाच्या आधारासाठी कशाचीच गरज उरू नये, हा त्यामागचा विचार. गृहस्थापासून साधूपर्यंतच्या पायऱ्यांवर मात्र हे पाते एका जागी दिसते. श्रावकाच्या अकराव्या प्रतिमेत वस्तऱ्याने मुंडन किंवा लोच असे दोन्ही पर्याय सांगितले आहेत. दिगंबर परंपरेत क्षुल्लकाला वस्तरा चालतो, ऐलकाला लोचच करावा लागतो. शास्त्राने हे पाते नाकारले नाही. ते कोठे खाली ठेवायचे, ते सांगितले.

परतताना दादीजी म्हणाल्या, “व्रताचं नाव अनर्थदंड आहे. अनर्थ, म्हणजे प्रयोजनाशिवाय. दाढी करणं गृहस्थाचं प्रयोजन आहे. दर महिन्याला प्लास्टिकची दहा रेझरं कचऱ्यात टाकतोस, त्यापेक्षा एक पातं जन्मभर बरं. पण तेवढंच. बाकीच्यांचं काय करतोस ते सांग.”

त्याने त्या रात्री हिशेब केला, वहीवर, दुकानातल्यासारखा. ग्राइंडरवर गेलेला एक आणि तडा असलेला एक, दोन्हींची धार मोडून भंगारात. दोन जुन्या बाजारातील विक्रेत्याला घेतल्या भावात परत; नफा घेतला नाही, कारण पात्यांचा व्यापार या घराला करायचा नव्हता. एक आळंदीला. उरले दोन : घरचा दादाजींचा आणि कुदळवाडीतला त्याचा स्वतःचा. एकाचे पाते दुसऱ्याच्या गालाला लागायचे नाही, हा पणजोबांचा नियम आरोग्याच्या दृष्टीनेही बरोबर होता. दोहोंवर मर्यादा घातली. यापुढे तिसरा नाही.

आळंदीचा वस्तरा देताना त्याने धार दगडावर उभी घासून मुद्दाम बोथट केली होती. बाबांनी बोट फिरवून पाहिले.

“मारलीस व्हय धार?”

“बाबा, धार असलेली वस्तू दुसऱ्याला देऊ नये, असं आमच्या दादीजी म्हणतात.”

म्हातारे हसले. “बराबर हाय. मलाबी आता बिनधारेचाच पायजे.” सलूनमध्ये सेना महाराजांच्या तसबिरीखाली त्यांच्या नातवाने दोन खिळे ठोकले आणि तो तेथे टेकवून ठेवला. आरशासमोर एक तरुण गिऱ्हाईक बसले होते आणि त्याच्यासाठी पुडीतून नवे ब्लेड काढले जात होते.

*

आळंदीहून चाकण फार लांब नाही. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवलेला संग्रामदुर्ग तेथे आहे, कांद्या-बटाट्याची बाजारसमिती आहे, शनिवारचा आठवडे बाजार आहे आणि त्यांच्याभोवती मोटारींचे कारखाने आहेत. नातू रोज त्या रस्त्याने जातो. त्याच्या टूलरूममध्ये कार्बाइडची हत्यारे झिजली की पेटीत पडतात आणि नव्या येतात. तो त्याचा व्यवसाय आहे आणि त्यात गैर काही नाही. अलीकडे मात्र नव्या शिकाऊ मुलांना तो पहिला आठवडा मशीनला हात लावू देत नाही. कानस, दगड आणि भिंग देतो. मुले कुरकुरतात. “जोर करू नकोस” एवढेच तो त्यांना सांगतो.

दिवाळीच्या पहाटे चिंचवडच्या घरात पाणी तापले. दादाजी खिडकीशी खुर्चीवर बसले, गळ्याभोवती पंचा. नातवाने पाते स्पिरिटने पुसले, कॅनव्हासवर तीस फेऱ्या, कागदावर वीस. गालाची कातडी डाव्या हाताने ताणली. वर्षभर त्याने हा कोन फुग्यावर, स्वतःच्या गालावर, पुन्हा फुग्यावर घोटला होता. सत्त्याऐंशी वर्षांच्या गालाची कातडी कागदासारखी असते. तेथे चूक चालणार नव्हती. खोलीत केस तुटण्याचा बारीक, कोरडा आवाज तेवढा येत होता. दादाजींनी डोळे मिटले होते.

हनुवटीखाली एकदा हात थांबला. दादीजी दारातून पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत. हात पुन्हा चालू झाला.

झाल्यावर दादाजींनी दोन्ही गालांवरून तळहात फिरवले. “बा साहेबांची झाली की ते असाच हात फिरवायचे,” ते म्हणाले.

वस्तरा धुऊन, कोरडा करून, तेलाचे बोट लावून फडक्यात गुंडाळला गेला. दोन्ही वस्तरे एका लाकडी पेटीत गेले. पेटीला लहानसे पितळी कुलूप आहे. तेही त्याच दुकानातले. दादीजींनी हात पुढे केला, किल्ली घेतली आणि कमरेच्या जुडग्यात अडकवली. आठवड्यातून दोनदा ती मागावी लागते. प्रत्येक वेळी त्या विचारतात, “कशाला हवी?” आणि प्रत्येक वेळी कारण सांगावे लागते.